झिजलेल्या नाण्यांचा हिशेब

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूरच्या दिशेने निघते, तेव्हा वाटेत काटेवाडीला तिचे आगळे स्वागत होते. परीट समाजाची मंडळी पालखीच्या वाटेवर धोतराच्या पायघड्या अंथरतात आणि धनगरांच्या मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. पंढरीला जाणाऱ्या वाटा मुळात किती जुन्या आहेत, संतांच्या आधी त्या वाटांवरून कोण चालत होते आणि मेंढ्यांचे कळप घेऊन हिंडणाऱ्या धनगरांचा त्या वाटांशी काय संबंध, हे प्रश्न गेल्या शतकात पुण्याच्या एका गणिताच्या प्राध्यापकाला पडले होते. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. विशेष म्हणजे, गणिताच्या या पंडिताला गावोगावच्या पायवाटांवर आणून सोडले ते चांदीच्या जुन्या नाण्यांनी.

नाण्यांचा नाद माणसाला कसा लागतो, याच्या कथा बहुधा एकसारख्या असतात. आजीच्या डबीत एखादी शिवराई सापडते, देवघरातल्या ताम्हनात व्हिक्टोरिया राणीचा रुपया दिसतो, आजोबांच्या जुन्या पेटीत भोकाचा पैसा निघतो. त्यावरची अक्षरे वाचता वाचता मुलगा हरखून जातो आणि मग एकाची दहा, दहाची शंभर नाणी होतात. कोसंबींची कथा मात्र या साच्यात बसत नाही. ते नाण्यांकडे आले तेव्हा त्यांची तिशी उलटली होती. नाणे आपल्याजवळ असावे, अशी ओढ त्यांना नव्हती. त्यांना हवे होते ते सोडवण्याजोगे एक गणित.

वडिलांचा वारसा

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील आचार्य धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. बुद्धाच्या ओढीने धर्मानंदांनी तरुणपणी घर सोडले आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा खडतर प्रवास करून विद्या मिळवली. पुढे १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. त्यामुळे दामोदरचे सुरुवातीचे शिक्षण पुण्यात झाले. १९१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी धर्मानंद अमेरिकेला निघाले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत होता.

केंब्रिज शहरातील शाळेत आणि नंतर हार्वर्डमध्ये तो शिकला. गणित हा त्याचा मुख्य विषय असला, तरी अनेक युरोपीय भाषा त्याने आत्मसात केल्या. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवून कोसंबी मायदेशी परतले. प्रथम बनारस हिंदू विद्यापीठ, नंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फर्ग्युसन महाविद्यालय, असा त्यांचा अध्यापनाचा प्रवास झाला. वडिलांनी जिथे पाली शिकवली, त्याच संस्थेत मुलगा गणित शिकवू लागला. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिकही मिळाले.

तराजूची निवड

फर्ग्युसनच्या वर्षांत कोसंबींना सांख्यिकीचे आकर्षण वाटू लागले. कोणतेही शास्त्र नुसत्या पुस्तकांवरून येत नाही, प्रत्यक्षातला एखादा प्रश्न हाती घेऊन सोडवावा लागतो, अशी त्यांची धारणा होती. आधी त्यांनी परीक्षांच्या गुणांची आकडेवारी तपासली. त्यानंतर त्यांची नजर गेली ती आहत नाण्यांकडे.

आहत नाणी ही भारतातील सर्वांत जुन्या नाण्यांपैकी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, कोपरे छाटून वजन जुळवायचे आणि त्यावर एकेक करून ठसे मारायचे, अशी त्यांची घडण. सूर्य, सहा आऱ्यांचे चिन्ह, डोंगर, झाड, हत्ती, बैल अशा आकृती त्यावर दिसतात. राजाचे नाव नाही, वर्ष नाही, एक अक्षरही नाही. अक्षर नसल्यामुळेच अनेक संशोधक या नाण्यांपुढे अडखळत. चिन्हांचे अर्थ लावण्यात बरीच शाई खर्च झाली होती, पण कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, याचा खात्रीचा उलगडा होत नव्हता.

तक्षशिलेच्या भिर टेकडीवर १९२४ मध्ये अशा हजाराहून अधिक नाण्यांचा निधी सापडला होता. त्याच्यासोबत अलेक्झांडरची कोरी करकरीत नाणीही होती. ई. एच. सी. वॉल्श या अभ्यासकाने या नाण्यांची वजने आणि ठसे यांची तपशीलवार नोंद केली. ती १९३९ मध्ये पुरातत्त्व खात्याने प्रसिद्ध केली. इतरांना जो आकड्यांचा कंटाळवाणा तक्ता वाटला असता, तो कोसंबींना आयता मिळालेला खजिना वाटला. आपल्याला सांख्यिकी शिकायची आहे आणि येथे हजार नाण्यांची वजने मांडून ठेवली आहेत, एवढ्या साध्या कारणाने त्यांनी नाण्यांत पाऊल टाकले.

त्यांची मूळ कल्पना कुणालाही समजेल इतकी सोपी होती. टाकसाळीतून बाहेर पडताना सगळी नाणी जवळपास एका वजनाची असतात. जुन्या चांदीच्या रुपयाचेच पाहा. त्याचे वजन बरोबर एक तोळा असे. मग ते नाणे हातोहात फिरते, पिशवीत घासते, गल्ल्यात आपटते. प्रत्येक व्यवहारात धातूचा नकळण्याइतका अंश झडतो. वर्षे जातात तशी त्या पिढीच्या नाण्यांची सरासरी उतरते. शिवाय काही नाणी फार फिरतात, काही पेटीत पडून राहतात. त्यामुळे त्यांच्या वजनांतला आपसातला फरकही वाढत जातो. म्हणजे एकाच निधीतल्या, एकाच वजनमापाच्या नाण्यांचे ठशांनुसार गट पाडले आणि प्रत्येक गटाची सरासरी काढली, तर अधिक झिजलेला गट आधीचा आणि कमी झिजलेला नंतरचा, असा क्रम लावता येतो. अक्षर नसलेले नाणे आपले वय वजनातून सांगते.

हा नियम खरोखर लागू पडतो का, हे पाहण्यासाठी कोसंबी जुन्या नाण्यांवर थांबले नाहीत. बाजारात रोज चालणारी, वर्ष छापलेली नाणी त्यांनी जमवली आणि एकेक करून संवेदनशील तराजूत घातली. कोणते नाणे किती वर्षे फिरले हे त्यावरच्या सालावरून कळत होते, त्यामुळे वर्षागणिक होणारी झीज मोजता आली. हे सारे कष्टाचे आणि एकसुरी काम होते. हजारो नाण्यांची वजने त्यांनी अशी तपासली. १९४० पासून त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. चलनात फिरण्याचा नाण्याच्या वजनावर काय परिणाम होतो, या विषयावरचा त्यांचा लेख १९४२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला.

योगायोग असा, की तो काळ महायुद्धाचा होता. १९४० मध्ये सरकारने रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले होते आणि लोक जुने रुपये दडवून ठेवत होते. सुट्या पैशांची चणचण भासत होती. चांगले नाणे पेटीत जाते आणि हलके नाणे बाजारात फिरते, हा चलनाचा जुना अनुभव सामान्य माणूसही रोज घेत होता.

सराफाची खूण

आहत नाण्यांच्या दर्शनी बाजूवर सहसा पाच ठसे असतात. मागच्या बाजूला मात्र लहान लहान खुणा दिसतात. काही नाण्यांवर एकही नाही, काहींवर बऱ्याच. कोसंबींनी या खुणांची संख्या आणि वजन यांची सांगड घातली. मागच्या खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. यावरून त्यांनी अनुमान काढले, की या खुणा त्या काळच्या व्यापाऱ्यांनी वेळोवेळी नाणे पारखून मारल्या असाव्यात. आज सराफ दागिना कसाला लावतो, तसे तेव्हाचे नाणे बाजारात पुन्हा पुन्हा तपासले जात होते.

या एका अनुमानाने नाण्याचा चेहरामोहरा बदलला. राजाच्या वैभवाची निशाणी म्हणून पाहिले जाणारे नाणे आता व्यापाऱ्यांचे, तांड्यांचे आणि बाजारपेठांचे साक्षीदार झाले. तक्षशिलेच्या निधीत मगधाकडील नाण्यांचे प्राबल्य होते. त्या दूरच्या सरहद्दीवर मगधाचा पैसा एवढ्या प्रमाणात खेळत होता, याचा अर्थ गंगेच्या खोऱ्यापासून तक्षशिलेपर्यंत जोरदार व्यापार चालत होता. शिवाय अलेक्झांडरची नाणी कोरी आणि भारतीय नाणी वर्षानुवर्षे वापरून झिजलेली, यावरून अलेक्झांडर येण्यापूर्वीच या देशात चांदीचे चलन रुळलेले होते, हेही स्पष्ट होत होते. मौर्यकाळातील नाण्यांत तांब्याचे प्रमाण वाढलेले पाहून त्या साम्राज्याच्या तिजोरीवर ताण आला असावा, असे कोसंबींनी मांडले.

तक्षशिला दूरची झाली. महाराष्ट्रातही त्यांना सामग्री मिळाली. पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव परिसरात सापडलेल्या आहत नाण्यांच्या निधीवर त्यांनी १९४६ मध्ये निबंध लिहिला. त्यांचे सगळे निष्कर्ष कायम राहिले, असे नाही. ठसे आणि विशिष्ट राजे यांची त्यांनी जोडलेली नाती पुढच्या अभ्यासकांनी तपासली आणि त्यांतली काही नाकारली. परमेश्वरीलाल गुप्ता आणि टी. आर. हार्डेकर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेले वर्गीकरण आज अभ्यासक प्रामुख्याने वापरतात. तथापि, नाण्यांचा निधी हा मोजून अभ्यासायचा पुरावा आहे, ही शिस्त भारतात रुजवण्याचे श्रेय कोसंबींकडेच जाते.

नाण्याकडून माणसाकडे

एका प्रश्नाचे उत्तर मिळाले, की त्यातून दुसरा प्रश्न उभा राहायचा. नाण्यांचा क्रम लागला, पण ती पाडली कोणी? पुराणे आणि बौद्ध ग्रंथ यांतील राजांच्या याद्या एकमेकांशी जुळत नव्हत्या. मूळ ग्रंथ स्वतः वाचल्याशिवाय गत्यंतर नव्हते, म्हणून कोसंबींनी संस्कृतचा अभ्यास वाढवला. त्यातून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये तयार झाली. शेकडो हस्तलिखितांतील पाठभेदांचा निवाडा त्यांनी नाण्यांच्याच चिकाटीने केला. विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोशा’चे संपादन त्यांनी वि. वि. गोखले यांच्यासह केले आणि ते १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले.

ग्रंथांनीही समाधान होईना, तेव्हा ते घराबाहेर पडले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, कार्ल्यासारखी लेणी, खेड्यांच्या वेशीवरचे म्हसोबा, वेताळ आणि शेंदूर फासलेल्या देवी हे सारे त्यांच्या अभ्यासाचा भाग बनले. हातात काठी, खांद्याला पिशवी आणि जमिनीवर खिळलेली नजर, अशा थाटात ते मैलोन् मैल चालत. गारगोटीची इवलीशी अश्मयुगीन हत्यारे, ज्यांना पुरातत्त्वात सूक्ष्मास्त्रे म्हणतात, ती त्यांना गावोगावच्या देवस्थानांजवळ सापडत गेली. धनगर पावसाळ्यात कुठे असतात, उन्हाळ्यात कुठे जातात, शेतात मेंढ्या बसवल्याबद्दल त्यांना धान्य कसे मिळते, याची माहिती त्यांनी धनगरांशी बोलून घेतली. देवांच्या यात्रा आणि पंढरीच्या वाटा यांच्या तळाशी पशुपालकांच्या हंगामी स्थलांतराच्या फार पुरातन वाटा आहेत, असे त्यांचे मत बनले. नाणी ज्या तांड्यांबरोबर फिरली, ते तांडे कोणत्या वाटांनी गेले असतील, हा प्रश्न मनात ठेवूनच ते चालत होते.

या भटकंतीचे फळ म्हणजे १९५६ मधला भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा प्रास्ताविक ग्रंथ, १९६२ मधला ‘मिथ अँड रिअॅलिटी’ आणि १९६५ मधला प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील ग्रंथ. राजे आणि लढाया बाजूला ठेवून माणसे काय पिकवत होती, कशाने पिकवत होती आणि उरलेले कोणाकडे जात होते, असे त्यांनी विचारले. ते मार्क्सवादी होते, पण पोथीनिष्ठ मार्क्सवाद्यांशीही त्यांचे जमले नाही. मतभेद असलेल्या इतिहासकारांनाही त्यांच्या प्रश्नांना वळसा घालून जाता आले नाही.

गणित या काळातही सुटले नव्हते. १९४४ मध्ये त्यांनी मांडलेले एक सूत्र आनुवंशशास्त्रात जनुकांमधील अंतर मोजण्यासाठी वापरले जाते आणि ‘कोसंबी फलन’ याच नावाने ओळखले जाते. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. घर पुण्यात आणि संस्था मुंबईत, त्यामुळे डेक्कन क्वीनचा प्रवास हा त्यांचा नित्यक्रम झाला.

अखेरची वर्षे

कोसंबींचा स्वभाव तिखट होता. चुकीचे दिसले, की ते समोरच्याचा मुलाहिजा ठेवत नसत. जागतिक शांतता चळवळीत ते सक्रिय होते आणि अणुऊर्जेपेक्षा भारताने सौरऊर्जेकडे लक्ष द्यावे, असे ते उघडपणे सांगत. अणुऊर्जेच्या कार्यक्रमाचे शिल्पकार भाभा हेच संस्थेचे प्रमुख होते, हे लक्षात घेतले, तर या भूमिकेची किंमत कळते. त्यातच गणितातील रीमान गृहीतकाविषयीचा त्यांचा दावा तज्ज्ञांनी मान्य केला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही. सोळा वर्षांचा संबंध संपला.

नोकरी गेली, पण काम थांबले नाही. पुण्यात राहून त्यांनी लेखन आणि भटकंती चालू ठेवली. संधिवाताने सांधे दुखत असतानाही टेकड्यांवरचे चालणे सुटले नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकात त्यांचा शास्त्रीय नाणेअभ्यासावरील लेख आला. पंचवीस वर्षांपूर्वी एका तक्त्यापासून सुरू झालेले काम जगभरच्या वाचकांसमोर मांडण्याची ही संधी होती. त्यानंतर चारच महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी पुण्यातील घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. साठी गाठायला त्यांना अजून वर्षभराहून अधिक अवकाश होता. नाण्यांवरचे त्यांचे विखुरलेले निबंध पुस्तकरूपाने एकत्र आले ते १९८१ मध्ये. जन्मशताब्दीनंतर, २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. स्वतः काहीही संग्रह न करणारा हा माणूस अशा रीतीने संग्राहकांच्या वहीत जाऊन बसला.

नाणी जमवणाऱ्यांचा कल साहजिकच कोऱ्या, ठसठशीत नाण्यांकडे असतो. झिजलेल्या नाण्याला बाजारात भाव नसतो. कोसंबींनी नेमकी त्या झिजेची किंमत ओळखली. प्रत्येक हाताने नाण्याचा कणभर भाग नेला आणि त्याच्या बदल्यात आपली खूण ठेवली, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. मात्र त्यासाठी निधी अखंड राहणे आवश्यक असते. नांगरताना किंवा पाया खोदताना मडके लागले, त्यातली चार नाणी याने घेतली, चार त्याने घेतली, उरलेली सराफाच्या मुशीत गेली, की त्या निधीचे तोंड कायमचे बंद होते. चांदी शिल्लक राहते, इतिहास वितळून जातो. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा कोसंबींचे उदाहरण अधिक बोलके ठरावे. हजार नाणी एकत्र राहिली, म्हणून तर त्यांना बोलते करता आले.

डबीतल्या शिवराईवर अंगठा फिरवणाऱ्या मुलाला तिच्यावरची अक्षरे पुसट लागली, तर तो खट्टू होतो. ती अक्षरे कोणत्या हातांनी पुसली असतील, असे त्याला विचारावे. काटेवाडीच्या रस्त्याने दरवर्षी पालखी जाते, मेंढ्या रिंगण धरतात आणि वाट पुन्हा थोडी झिजते. नाण्याचेही तसेच असते. फार माणसे ज्याच्या वाट्याला आली, तेच अधिक झिजते.